मूळ उपकरणांचे मूळ स्थान : अलिबाग चुंबकीय वेधशाळेच्या संदर्भात

प्रास्ताविक

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करताना मूळ वेगमापक मिळविणे जितके आवश्यक, तितकेच तो मूळ जागी बसविणे आवश्यक असते. जागा चुकल्यास वस्तू अस्सल राहते, परंतु मूळ रचनेचा पुरावा नाहीसा होतो. वैज्ञानिक उपकरणांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे; कारण तेथे स्थान हा मोजमापाचाच भाग असतो. प्रस्तुत लेखात रायगड किनाऱ्यावरील अलिबाग वेधशाळेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी

मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. तेथे १८४१ मध्ये चुंबकीय निरीक्षणांना प्रारंभ झाला. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची कुलाब्यातील नोंद आजही जगभरातील अभ्यासक वापरतात. डॉ. नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस हे १८९६ मध्ये या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. रुळांतून जमिनीत पसरणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे सूक्ष्म निरीक्षणे दूषित होणार, हे उघड होते. म्हणून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेस, तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील अलिबाग येथे लोहमुक्त इमारत उभारून १९०४ मध्ये कार्य सुरू करण्यात आले.

येथे मूस यांची दूरदृष्टी दिसून येते. कुलाब्यातील कार्य त्यांनी लगेच थांबविले नाही; १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी निरीक्षणे एकाच वेळी चालू ठेवली. त्यामुळे दोन स्थानांमधील फरक निश्चित करता आला आणि कुलाब्याची परंपरा अलिबागच्या नोंदींशी जोडली गेली. विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली, तोपर्यंत हे काम पूर्ण झाले होते.

स्थान आणि मोजमाप

जुन्या छायालेखी चुंबकमापकात टांगलेल्या चुंबकास लहान आरसा जोडलेला असतो. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण फिरत्या दंडगोलावरील छायाचित्रण कागदावर रेषा उमटवितो. आरसा व कागद यांत एक मीटर अंतर असल्यास चुंबकाच्या एका कलेच्या वळणाने किरण सुमारे ०.५८ मिलीमीटर सरकतो. अंतर बदलले की हे प्रमाणही बदलते. दिक्पात मोजणारा चुंबक चुंबकीय याम्योत्तरात असतो, तर क्षितिजसमांतर बल मोजणारा चुंबक दोऱ्यांना पीळ देऊन त्याच्याशी काटकोनात ठेवलेला असतो. शिवाय दोन चुंबकांतील अंतर निम्मे झाल्यास त्यांचा परस्परांवरील परिणाम सुमारे आठपट होतो. म्हणजेच स्तंभ, दिशा, उंची आणि अंतर यांची माहिती हरवल्यास उपकरण शाबूत असूनही जुन्या आलेखाचा अर्थ लावणे कठीण होते.

हे तत्त्व महाविद्यालयीन प्रयोगशाळांनाही लागू पडते. स्पर्शज्या गॅल्व्हानोमापकाचे वेटोळे चुंबकीय याम्योत्तरात नसेल, तर त्याचे सूत्रच लागू होत नाही. असे उपकरण पुसूनपासून काचेच्या कपाटात आडवेतिडवे ठेवले, तर विद्यार्थ्यासमोर केवळ पितळी शोभेची वस्तू उरते.

समारोप

जीर्णोद्धार करताना उपकरण हलविण्यापूर्वीच त्याचा स्तंभ, दिशा, उंची व शेजारील उपकरणांपासूनचे अंतर नोंदविणे आवश्यक आहे. शक्य असेल तेथे ते त्याच स्तंभावर प्रदर्शित करावे. मात्र जेथे आजही निरीक्षणे चालू आहेत, तेथे प्रदर्शनासाठी लोखंडी चौकटी किंवा विजेची यंत्रणा आणणे म्हणजे मूस यांनी टाळलेले संकटच पुन्हा ओढवून घेणे होय. स्थलांतर अटळ असल्यास आधी जुन्या आणि नव्या जागेचा संबंध प्रस्थापित करावा, हाच अलिबागच्या इतिहासाचा धडा आहे. उपकरण पुन्हा घडविता येते. हरवलेले स्थान मात्र नोंदीशिवाय परत मिळत नाही.