डिस्टेंपरचा फंड

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपभर फैलावलेल्या डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाने किती घरची कुत्री नेली याचा हिशेब सरकारी दप्तरांत शोधू जाणे व्यर्थ आहे. कारण बैल मेला तर सारा बुडतो, घोडा मेला तर फौज अडते, कुत्रा मेल्याने मात्र एका घराचे सुख तेवढे जाते, आणि सुखावर कोणत्याही अमलात जमाबंदी नसते. आदल्या दिवशी अंगणभर बागडलेले पिल्लू अन्नाला तोंड लावीत नाही, डोळे चिपडांनी चिकटतात, आणि ताप उतरला म्हणून धनी सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो तोच जबडा थडथडू लागून झटके सुरू होतात, असा या व्याधीचा निर्दय क्रम आहे. देवीच्या लसीचा जनक एडवर्ड जेन्नर याने 1809 साली तिचे वर्णन केले. 1905 साली आंरी कारे या फ्रेंच संशोधकाने तिचे कारण जंतू अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होणारा विषाणू आहे, हे दाखविले. उपाय मात्र दोघांच्याही हाती लागला नाही.

तो लागला कुत्री गमावलेल्या माणसांच्या वर्गणीमुळे. 1923 च्या सुमारास इंग्लंडातील ‘द फील्ड’ या साप्ताहिकाने आपल्या वाचकांपुढे झोळी पसरली, आणि त्या फंडाच्या आधाराने लंडनजवळ मिल हिल येथे पॅट्रिक लेडलॉ व पशुवैद्य जॉर्ज डंकिन यांनी संशोधन चालविले. रोगाचा स्पर्शही न झालेली पिल्ले हवीत, म्हणून ती कुंपणाआड जन्मास घालून वाढविली जात, आणि आत जाणाऱ्यास जंतुनाशक पाण्याने स्नान करून वस्त्रे बदलावी लागत, इतका कडक बंदोबस्त होता. मुंगुसासारखा दिसणारा फेरेट हा प्राणीही या रोगास बळी पडतो, हे तेथे उपयोगी ठरले. 1928 पर्यंत, प्रथम मारलेला विषाणू व मागाहून जिवंत विषाणू टोचण्याची रीत सिद्ध झाली.

याच फेरेटांच्या नाकात 1933 साली विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी इन्फ्लुएंझाच्या रुग्णाच्या घशातील धुवण सोडले, आणि मनुष्याच्या त्या रोगाचा विषाणू प्रथमच हाती आला. कुत्र्यांसाठी ढाळलेल्या अश्रूंनी माणसांवर केलेला हा उपकार, आणि त्या कुंपणाआड प्राण गमावलेल्या पिल्लांचे ऋण, वैद्यकाच्या इतिहासकारांनी ठळक अक्षरांत नोंदवावयास हवे.

झटके सुरू झाल्यावर हमखास गुण देणारे औषध आजही नाही. लस मात्र आपल्याकडे पशुवैद्याकडे मिळते. ज्यांच्या घरी नवे पिल्लू आले असेल त्यांनी ते सहा-आठ आठवड्यांचे होताच तिची पहिली मात्रा द्यावी, आणि पुढच्या मात्रा चुकवू नयेत.