मायामी शोबँड : एका रात्रीच्या आठवणी आणि इतिहासाचा पुरावा

#थ्रेड #इतिहास

१/८
आयरिश रॉकचा इतिहास सहसा यू२ पासून सांगितला जातो. त्याआधीच्या पिढीच्या आठवणी मात्र ‘शोबँड’पासून सुरू होतात. सूट घातलेले सहा-आठ वादक गावोगावच्या नृत्यगृहांत लोकप्रिय गाणी वाजवीत. व्हॅन मॉरिसन आणि रोरी गॅलॅहर या दोघांचीही उमेदवारी शोबँडमध्येच झाली.

२/८
१९६० च्या दशकाअखेर उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचार पेटला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांच्या शाळा वेगळ्या, वस्त्याही वेगळ्या. दोन्हीकडचे तरुण एकत्र येत अशा मोजक्या जागांत नृत्यगृहे होती. डब्लिनच्या ‘मायामी शोबँड’मध्येही दोन्ही पंथांचे वादक होते.

३/८
३० जुलै १९७५ ला बॅनब्रिज येथील कार्यक्रम आटोपून पाच वादक मिनीबसने डब्लिनकडे निघाले. ढोलवादक रे मिलर आपल्या घरी गेल्याने वाचला. मध्यरात्रीनंतर न्यूरीजवळ सैनिकी गणवेशातील माणसांनी गाडी अडवली. अशा तपासण्या रोजच्याच असल्याने कोणाला संशय आला नाही.

४/८
बास गिटारवादक स्टीफन ट्रॅव्हर्स यांची आठवण अशी : सर्वांना रस्त्याकडेला रांगेत उभे केले गेले. थोड्या वेळाने इंग्लिश धाटणीचे उच्चार असलेला एक जण येऊन हुकूम देऊ लागला. शेजारी उभ्या ब्रायन मॅकॉयने त्यांना हलकेच धीर दिला, की हे ब्रिटिश सैन्य आहे, काळजी नको.

५/८
ती तपासणी बनावट होती. प्रोटेस्टंट बाजूच्या ‘अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स’ या सशस्त्र संघटनेचे लोक गाडीत बॉम्ब ठेवत होते. तो वेळेआधीच फुटला आणि ठेवणारे दोघे ठार झाले. उरलेल्यांनी गोळीबार केला. गायक फ्रॅन ओटूल, गिटारवादक टोनी गेराटी आणि मॅकॉय मारले गेले. मॅकॉय स्वतः प्रोटेस्टंट होता. ट्रॅव्हर्स आणि सॅक्सोफोनवादक डेस मॅकली वाचले.

६/८
या घटनेनंतर अनेक वादकांनी उत्तरेकडे जाणे सोडले. बेलफास्टच्या रात्री ओस पडल्या. रोरी गॅलॅहर मात्र अल्स्टर हॉलमध्ये वाजवायला येतच राहिला. पुढे टेरी हूली यांच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’ या रेकॉर्डच्या दुकानाभोवती पंकची नवी पिढी जमली. १९७८ मध्ये डेरीच्या ‘द अंडरटोन्स’चे ‘टीनेज किक्स’ याच दुकानाच्या लेबलवर निघाले.

७/८
घटनास्थळी सापडलेल्या एका चष्म्यामुळे तपासाला धागा मिळाला. शिक्षा झालेल्यांपैकी दोघे ब्रिटिश सैन्याच्या ‘अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट’मध्ये नोकरीला होते. म्हणजे गणवेश खरा होता, तपासणी खोटी. दोन्ही वाचलेले वादक त्या इंग्लिश उच्चारांविषयी वर्षानुवर्षे सांगत राहिले. तो माणूस कोण, हा वाद मिटलेला नाही.

८/८
ट्रॅव्हर्स यांनी २००७ मध्ये आठवणींचे पुस्तक सहलेखकासह प्रसिद्ध केले. २०११ च्या फेरतपासणी अहवालाने पोलिसांच्या भूमिकेवर गंभीर प्रश्न उभे केले. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश संरक्षण खाते आणि पोलीस यांच्याशी तडजोड होऊन वाचलेल्यांना व मृतांच्या कुटुंबीयांना एकूण सुमारे १५ लाख पौंड मिळाले. पण तडजोडीमुळे साक्षीपुराव्यांची सुनावणी पूर्ण झाली नाही. चष्मा न्यायालयापुढे मांडता आला. ऐकलेला आवाज मात्र दोन वादकांच्या स्मरणातच राहिला. म्हणून संगीतकारांच्या आठवणी केवळ स्मरणरंजन म्हणून वाचू नयेत. त्या साक्ष म्हणून तपासाव्यात.