पांढऱ्या रेषेची साक्ष

माझी मावशी पंधरा वर्षे गॅलरीत कबुतरांना दाणे घालत आली. खोकला हटेना, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा रक्त तपासले. अहवालात कबुतरांविरुद्धची प्रतिपिंडे निघाली. ‘म्हणजे माझ्या पाखरांनीच मला आजारी पाडलं का रे?’ तिने विचारले. उत्तर शोधत मी इंग्लंडमधल्या गवताच्या गंजीपर्यंत पोचलो.

१९३२ साली जे. एम. कॅम्पबेल यांनी वेस्टमोरलंडमधल्या शेतकऱ्यांचा एक आजार नोंदवला. बुरसटलेले गवत हाताळले की त्यांना धाप लागे. दोष धुळीत होता हे दिसत होते; धुळीतल्या नेमक्या कशात, हे कळायला तीस वर्षे लागली.

दरम्यान स्वीडनच्या ऑख्टरलोनी यांनी एक सोपी पद्धत दिली होती. अगारच्या पातळ थरात दोन खळगे पाडायचे. एकात रुग्णाचे सीरम, दुसऱ्यात संशयित पदार्थाचा अर्क. दोन्ही झिरपत एकमेकांकडे येतात आणि सीरममध्ये त्या पदार्थाची प्रतिपिंडे असतील तर मध्ये पांढरी रेषा उमटते. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातले जॅक पेपिस आणि रोथमस्टेडचे ग्रेगरी व लेसी यांनी हीच रेषा वाचली. ओले गवत गंजीत आतून तापते. त्या उष्णतेत वाढणारे ॲक्टिनोमायसीट हे खरे अपराधी, असे १९६३ साली त्यांनी दाखवले. दिसायला बुरशी, पण जातीने जीवाणू! दोनच वर्षांत अमेरिकेतून कबुतरे पाळणाऱ्यांच्या अशाच आजाराचे वर्णन आले.

पण पुढे एक अडचण उभी राहिली. तीच रेषा ठणठणीत शेतकऱ्यांच्या आणि कबुतरे पाळणाऱ्यांच्या रक्तातही सापडू लागली. उलट काही रुग्णांत ती दिसेना. प्रतिपिंडे सांगतात ती शरीराची त्या धुळीशी झालेली ओळख. ओळखीचे वैर झाले की नाही, हे छातीचा स्कॅन, श्वासाची चाचणी आणि रुग्णाची हकिगत मिळून ठरते.

मावशीच्या बाबतीत या तिन्ही साक्षी जुळल्या. मी तिला म्हटलं, ‘पाखरांचा गुन्हा नाही, पण तुझ्या फुप्फुसांना त्यांची संगत सोसत नाही.’

तिने दाण्याचा डबा शेजारणीला दिला नाही, रिकामा करून ठेवला.