खाणीतील जल व पूर व्यवस्थापन (कुरखेडा परिसर)

खाणीतील जल व पूर व्यवस्थापन म्हणजे उघड्या खाणीत शिरणारे पावसाचे व भूगर्भातील पाणी नियंत्रित करण्याची आणि तेथून वाहून जाणारा गाळ अडवण्याची व्यवस्था होय. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेड्याशेजारच्या कोरची तालुक्यात झेंडेपार येथे लोहखनिजाची खाण प्रस्तावित असून परिसरातील ग्रामसभांनी तिला विरोध केला आहे.

या भागात बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. डोंगरावरील वनाच्छादन काढल्यास पाणी कमी मुरते, नाल्यांना अचानक पूर येतो आणि ढिगाऱ्यांवरील माती धानाच्या बांध्या, बोड्या व मामा तलावांत साचते. तलावांची साठवणक्षमता घटल्यास पावसाच्या खंडात धानाला पाणी मिळत नाही.

यावर उपाय म्हणून खाणीभोवती चर खोदून बाहेरचे पाणी वळवले जाते. ढिगाऱ्यांच्या पायथ्याशी संरक्षक भिंत बांधतात. खाणीच्या तळाशी साचलेले पाणी पंपाने उपसून निवळण तलावातून सोडतात. चर व तलावांचे आकारमान सरासरी नव्हे, तर अतिवृष्टीच्या पावसावरून ठरवावे लागते.

अशा प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पूर्वमंजुरी आणि सांडपाणी सोडण्यासाठी १९७४ च्या जल अधिनियमानुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आवश्यक असते.