बधिर पायांची आग

हार्बर रेल्वेने कॉटन ग्रीन मागे टाकले की शिवडी येते. पूर्वेला खाडीचा चिखल आणि त्यात चोच खुपसून उभे असलेले रोहित पक्षी, टेकाडावर जुना किल्ला, आणि २०२४ पासून समुद्रावरून न्हावा-शेव्याकडे गेलेला लांबलचक पूल, असे तिचे आजचे दर्शन आहे. परंतु लालबाग-परळच्या गिरणगावात वाढलेल्या जुन्या माणसाला शिवडी म्हटल्यावर यांपैकी काही आठवत नसे. "त्याला शिवडीला हलवला" एवढे वाक्य चाळीच्या जिन्यात दबक्या आवाजात उच्चारले जाई आणि ऐकणारा पुढे काही विचारीत नसे. शिवडी म्हणजे महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय.

क्षय म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर खोकला आणि रक्ताची गुळणी उभी राहते. पण हा जंतू रक्तावाटे हाडांतही जाऊन बसतो आणि हाडांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा पाठीच्या मणक्यांतच आढळतो. मणका आतून पोखरला जातो, पू साठतो, पाठीला कुबड येते आणि मणक्यांच्या पन्हळीतून जाणारा मज्जारज्जू चेपला जातो. मग पाय जातात. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये कुबड आणि लुळे पाय यांचा हा संबंध नीट वर्णन केला. आजही या विकाराला त्यांचेच नाव आहे. गुन्हेगार जंतू मात्र रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवीपर्यंत कोणाला ठाऊक नव्हता. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि जंतू मारणे माणसाच्या हाती आले. १९७५ मध्ये आपल्याच देशातील अस्थिशल्यविशारद सुरेंद्र मोहन तुली यांनी 'मध्यम मार्ग' मांडला: आधी औषधे द्यावीत आणि ज्यांना त्यांनी उतार पडत नाही त्यांच्यावरच शस्त्रक्रिया करावी. त्या मार्गाने असंख्य रोगी पुन्हा आपल्या पायांवर उभे राहिले.

येथे गोष्ट संपावयास हवी होती. पण काही जणांच्या बाबतीत ती येथे सुरू होते. जंतू मेले, पू आटला, तपासणीचे कागद स्वच्छ आले. रज्जूला झालेली इजा मात्र राहून गेली. असा रोगी घरी परततो आणि रात्री सांगू लागतो की पाय जळताहेत. घरची माणसे पायाला चिमटा काढून पाहतात, तर त्याला कळत नाही. मग पाय दुखतात कसे? कोणी म्हणतो भ्रम, कोणी म्हणतो मनाचे खेळ, कोणी उघडच ढोंग म्हणतो. रोग्याच्या दुखण्यावर हे दुसरे दुखणे बसते.

हा अविश्वास फार जुना आहे आणि त्याला एक साधे कारणही आहे. रज्जू दुखावलेला माणूस पूर्वी फार दिवस जगतच नसे. अंथरुणातील क्षते आणि मूत्रमार्गातील पू त्याला काही महिन्यांत नेत असत. जुनाट दुखणे व्हावयाला माणूस तेवढा काळ जगावा लागतो. अमेरिकन यादवी युद्धात वायर मिचेल या वैद्याने मज्जातंतूंना गोळी लागलेल्या सैनिकांची जळजळ टिपून ठेवली आणि तिला 'कॉझाल्जिया' असे नाव दिले. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स यांनी रज्जू दुखावलेल्या सैनिकांच्या संवेदना बारकाईने तपासल्या. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी असे जखमी जगवून दाखवले आणि त्यांना खेळाच्या मैदानावर आणले. त्याच परंपरेतील पॅरालिम्पिक स्पर्धेत, १९७२ साली हायडेलबर्ग येथे, १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेल्या आपल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. माणसे वर्षानुवर्षे जगू लागली तेव्हा त्यांचे दुखणेही वैद्यांना वर्षानुवर्षे ऐकावे लागले. ऐकता ऐकता ध्यानात आले की हे दुखणे एक नाही.

२०१२ मध्ये या दुखण्यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध झाले. ते वाचताना मला पदोपदी आपल्या घरातले शब्द आठवत होते. चाकाची खुर्ची हातांनी ढकलून, अंग उचलून खांदे भरून येतात, ती 'रग'. हे स्नायूंचे आणि सांध्यांचे दुखणे, हलल्याने वाढणारे, विसाव्याने कमी होणारे. पोटात मुरडा येतो, जड वाटते, ते आतड्याचे वा मूत्राशयाचे दुखणे. मळ साठला आहे काय ते आधी पाहावे. या दोन्ही प्रकारांत मज्जातंतूंचा दोष नाही. ते केवळ निरोप पोचवतात.

इजेच्या पातळीवर, छातीला किंवा पोटाला दोर करकचून आवळल्यासारखे वाटते, मधूनच सणक जाते. हे तंतूंचे दुखणे, इजेच्या पातळीचे. आणि त्याच्याही खाली, जिथे स्पर्श कळत नाही तिथे, आग, मुंग्या, सुया टोचणे. हे इजेखालचे दुखणे. ते पुष्कळदा महिन्यांनी, कधी वर्षांनी सुरू होते, म्हणून त्याचा संबंध जुन्या इजेशी कोणी जोडीत नाही.

बधिर पाय जळावेत कसे? रज्जू म्हणजे नुसती तार नव्हे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले की रज्जूतच एक दार असते आणि वेदनेचे निरोप तिथे आवरले वा सोडले जातात. पुढील संशोधनाने दिसले की खालून निरोप येणे थांबले म्हणजे वरच्या पेशी गप्प बसतातच असे नाही. त्या चेकाळून आपणच निरोप धाडू लागतात. गिरणी बंद पडावी आणि भोंगा मात्र वेळी-अवेळी वाजत राहावा, तसा हा प्रकार आहे. भोंगा खरा आहे. ऐकणाऱ्याच्या कानाचा तो भास नव्हे.

हा भेद पंडितांच्या चर्चेपुरता नाही, कारण उपाय त्यावर ठरतो. रगेला विसावा, शेक, साधी वेदनाशामक गोळी चालते. तीच गोळी आगीवर बहुधा वाया जाते. तिथे गाबापेन्टिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी मज्जातंतूंना शांतवणारी औषधे लागतात, आणि तीही सगळ्यांना पुरी पडत नाहीत. क्षयाच्या रोग्याला आणखी एक फसवी वाट आहे. आयसोनियाझिडने आणि हट्टी क्षयावरच्या लिनेझोलिडने पायांचे तंतू बिघडून तळपाय जळू शकतात. आयसोनियाझिडच्या जोडीला ब-६ जीवनसत्त्व दिले म्हणजे तो धोका टळतो. लिनेझोलिडची मात्रा मात्र वैद्यालाच बदलावी लागते. तेव्हा आग रज्जूची की औषधाची, हे पाहिल्याशिवाय चालत नाही. आणि ज्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या आसपास वा त्याहून वर आहे, त्याचे डोके एकाएकी ठणकू लागले, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर त्याला ताबडतोब उठवून बसवावे, मूत्रनळी तुंबली आहे काय पाहावे आणि वैद्याला बोलवावे. रक्तदाब प्राणघातक चढलेला असू शकतो.

शिवडीच्या वॉर्डात हाडाचा क्षय घेऊन येणारा माणूस कोकणातला असो वा देशावरचा, तो शास्त्राची परिभाषा घेऊन येत नाही. तो रग, सणक, ठणका, आग, मुंग्या हेच घेऊन येतो. आपण त्याला बहुधा 'कुठे दुखते?' आणि 'किती दुखते?' एवढेच विचारतो. 'कसे दुखते?' हे विचारायचे राहून जाते. शास्त्राला जो भेद कागदावर मांडायला २०१२ साल उजाडावे लागले, त्याची निम्मी उकल त्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते. ते उत्तर पुरे होईपर्यंत रोग्याच्या खाटेशी बसून राहावे, इतकेच.