शेक आत किती पोचतो?

दुखऱ्या सांध्याला शेक देणे हा उपचाराचा फार जुना प्रकार. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय सगळाच्या सगळा स्वेदनाचा आहे आणि त्यात अग्नीच्या साह्याने घाम काढण्याच्या १३ रीती दिल्या आहेत. त्यांतली ‘अश्मघन’ पाहण्यासारखी आहे. माणसाच्या लांबीची शिळा घ्यायची, तिच्यावर लाकडे पेटवून ती तापवायची, निखारे झाडून गरम पाणी शिंपडायचे, वर लोकरीचे किंवा रेशमी वस्त्र अंथरायचे आणि अंगाला तेल लावलेल्या रोग्याला त्यावर निजवायचे. वाळूची किंवा मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून गुडघा शेकणे हा घरगुती प्रकार ‘संकर’ स्वेदाच्या जातकुळीतला. चरकाने मनाईही सांगून ठेवली आहे: गर्भिणी आणि मधुमेही यांना शेक नको, अंडकोश, हृदय आणि डोळे यांना द्यायचाच तर अगदी सौम्य. आज उपचारासाठी अल्ट्रासाउंड यंत्र वापरणाऱ्यांना गर्भाशय, डोळे आणि अंडकोश टाळण्याची सूचना असते. कारणे निराळी, यादी बरीचशी तीच.

अशा शेकाला एक मर्यादा आहे. त्वचा पाच-दहा मिनिटांत लाल होते, पण वाढलेला रक्तप्रवाह उष्णता वाहून नेतो आणि कातडीखालची चरबी तिला आत जाऊ देत नाही. दोन-तीन सेंटिमीटर खालच्या स्नायूचे तापमान फार तर अंशभर चढते. म्हणून बोटांच्या सांध्यांना शेक मानवतो; मांसाखाली दडलेल्या खुब्याला तो जवळपास कळतही नाही. ऊब आत कशी न्यायची, याच प्रश्नाभोवती १८९०च्या दशकापासून पुढची शंभरेक वर्षे यंत्रे घडत गेली.

थंडीचा मार्ग वेगळा होता. सुजलेल्या सांध्यांवर गार पाणी ओतावे, हे हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत आहे. एकोणिसाव्या शतकात सिलेशियातल्या ग्रेफेनबर्ग गावी व्हिन्सेन्ट्स प्रीसनिट्सने आणि नंतर बव्हेरियात सेबास्टियन क्नाइप या धर्मगुरूने गार पाण्याचे उपचार युरोपभर गाजवले. जर्मन जलोपचाराची ही लाट लुई कूने आणि आडोल्फ यूस्ट यांच्या पुस्तकांतून गांधीजींपर्यंत पोचली. १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम निघाला, त्यातले कटिस्नान आणि मातीच्या पट्ट्या याच परंपरेतल्या. वेदना मारण्यासाठी बर्फ नेमकेपणाने वापरला तो ब्रायटनच्या जेम्स आर्नॉट या डॉक्टरने. १८५०च्या आसपास तो बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणाने शरीराचा भाग बधिर करी. गारव्याचा एक फायदा असा, की त्याने रक्तवाहिन्या आकसतात. आत गेलेला गारवा रक्त लगेच धुऊन नेत नाही, म्हणून तो शेकापेक्षा जास्त वेळ टिकतो.

विजेने मात्र कातडीचा अडथळा ओलांडला. १८९०च्या दशकात पॅरिसमध्ये आर्सेन द’आर्सोंव्हालने दाखवले, की सेकंदाला दहा हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह स्नायूला झटका देत नाही, नुसती ऊब देतो. जर्मनीत कार्ल फ्रांट्स नागेलश्मिटने या उपचाराला ‘डायथर्मी’ हे नाव दिले. १९२०च्या दशकाअखेरीस एर्विन श्लीफाके रेडिओलहरींकडे वळला आणि शॉर्टवेव्ह डायथर्मी आली. रेडिओ संदेशांत अडथळा येऊ नये म्हणून पुढे या यंत्रांना वारंवारिता नेमून द्यावी लागली, २७.१२ मेगाहर्ट्झ हा आकडा तेथून आला. शरीरात धातूची पट्टी किंवा पेसमेकर असलेल्यांना ते यंत्र वर्ज्य, आणि चरबी नको तितकी तापते ही तक्रार राहिलीच.

यंत्रांच्या या भरात सर्वांत गाजलेला शेक निघाला तो उकळत्या पाण्याचा. ऑस्ट्रेलियाच्या आडवळणी भागात काम करणारी, परिचर्येची रीतसर पदवी नसलेली एलिझाबेथ केनी १९४० साली अमेरिकेत गेली. पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय तेव्हा प्लास्टरमध्ये आणि फळ्यांत जखडून ठेवत. केनीने जुन्या लोकरी ब्लँकेटांचे स्नायूच्या आकाराचे तुकडे कापले, ते उकळत्या पाण्यातून काढून कोरडेठाक पिळले (पाण्याचा थेंब राहिला तर कातडी भाजते), स्नायूंभोवती गुंडाळले, वर मेणकापड आणि कोरडी लोकर बांधली. सांधे मोकळे ठेवले. स्नायू सैल झाला की हालचाल सुरू. पोलिओविषयीची तिची उपपत्ती वैद्यकाने पुढे नाकारली. पण जखडणे मात्र बंद पडले. त्या काळच्या रुग्णांना ओल्या लोकरीचा वास जन्मभर आठवत राहिला. इकडे मुंबईत केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५२-५३मध्ये फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा पोलिओच्या मुलांचे पुनर्वसन हेच समोरचे मोठे काम होते. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ची.

अल्ट्रासाउंडची कथा पाणबुडीपासून सुरू होते. पहिल्या महायुद्धात पॉल लांजेव्हँ पाणबुड्या शोधण्यासाठी स्फटिकांतून उच्च वारंवारितेचा ध्वनी पाण्यात सोडत होता. झोतात आलेले मासे मेले आणि हात धरला तर कळ येई. १९२७ साली अमेरिकेत वुड आणि लूमिस यांनी या लहरींचे सजीवांवरचे परिणाम तपासले. १९३०च्या दशकाअखेरीस बर्लिनमध्ये राइमार पोलमनने त्या उपचारासाठी वापरल्या. ध्वनी चरबीतून सहज पार होतो आणि स्नायुबंध, हाडाची कड अशा दाट जागी मुरतो. कातडी न तापवता नेमके हेच तर हवे होते. १ मेगाहर्ट्झची लहर तीन ते पाच सेंटिमीटर खोल जाते, ३ मेगाहर्ट्झची वरच्यावर राहते. हवेच्या पातळ थरालाही ती अडते, म्हणून मध्ये जेल लावतात. यंत्राचे हेड एका जागी न ठेवता गोलगोल फिरवत राहतात.

युद्धानंतर जर्मनीत या यंत्राचा इतका सुळसुळाट झाला, की दम्यापासून जठरव्रणापर्यंत कशालाही ते लावले जाई. १९४९च्या एर्लांगेन परिषदेत त्याला आवर घालावा लागला. पण खरी परीक्षा उशिरा झाली. रुग्णाला या उपचारात फारसे काही जाणवत नसल्याने यंत्र चालू आहे की बंद, हे त्याला सांगता येत नाही. बंद यंत्राशी तुलना करणे त्यामुळे सोपे होते. २००१ साली रॉबर्टसन आणि बेकर यांनी ३५ चाचण्या तपासल्या. पद्धत नीट असलेल्या १० निघाल्या आणि त्यांपैकी ८ मध्ये अल्ट्रासाउंड बंद यंत्रापेक्षा सरस ठरले नाही. कंबरदुखीला ते देऊ नये, असे ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ साली सांगितले. बर्फाचाही दबदबा ओसरला: दुखापतीला विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावणे हे चार उपाय सुचवणारी ‘राइस’ संज्ञा १९७८ साली देणारे डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे बर्फाने भरून येणे लांबू शकते असे म्हटले.

शेकाला मात्र एक काम पक्के मिळाले आहे. १९७०मध्ये युस्टुस लेमान आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या शेपटीचे स्नायुबंध ४५ अंश सेल्सियसला तापवून ताणले. गरम असताना ताणलेले जास्त लांब झाले आणि लांबी टिकली. आखडलेल्या हाताला ५२-५४ अंशांच्या वितळलेल्या मेणात बुडवून, थर चढवून, वीसेक मिनिटांनी मेण सोलून लगेच बोटे ताणायला लावतात ते याच तत्त्वावर.