बिम म्हणजे काय? छोट्या लँडस्केप ऑफिसने ऑटोकॅडवरून बिमवर कसं जायचं?

बागा, उद्यानं, सोसायटीच्या पोडियमवरची हिरवळ यांची डिझाईन्स करणाऱ्या बऱ्याच छोट्या ऑफिसांत आजही काम असंच चालतं: नकाशा ऑटोकॅडमध्ये, थ्रीडी स्केचअपमध्ये, झाडांची यादी एक्सेलमध्ये आणि सगळी चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर. आमचं पुण्यातलं चार जणांचं ऑफिसही असंच चालायचं. मग आर्किटेक्टकडून डीडब्ल्यूजी फाईलऐवजी थेट रेव्हिटचं मॉडेल यायला लागलं, आणि आम्हालाही बिम शिकावं लागलं. हा बदल कसा करायचा, त्यात काय फायद्याचं आहे आणि कुठे दम लागतो, ते या लेखात पाहूया.

बिम म्हणजे नेमकं काय?

बिम म्हणजे बिल्डिंग इन्फॉर्मेशन मॉडेलिंग. नाव मोठं असलं तरी कल्पना सोपी आहे. कागदावर लिहून ठेवलेला फोन नंबर आणि मोबाईलमध्ये सेव्ह केलेला कॉन्टॅक्ट यात जो फरक आहे, तोच साध्या ड्रॉईंगमध्ये आणि बिममध्ये आहे. कॉन्टॅक्टमध्ये नाव एकदा बदललं की कॉल, मेसेज सगळीकडे नवं नाव दिसतं. कागदावरचं मात्र प्रत्येक ठिकाणी खोडून लिहावं लागतं.

ऑटोकॅडमध्ये झाड म्हणजे बहुतेक वेळा एक गोल. बिममध्ये तेच झाड स्वतःची माहिती सोबत घेऊन येतं: नाव बहावा, शास्त्रीय नाव कॅशिया फिस्टुला, लावतानाची उंची, पूर्ण वाढल्यावरचा घेर, लागणारी मातीची खोली. एक झाड काढलं की प्लॅन, सेक्शन आणि यादी तिन्हीकडून ते आपोआप जातं.

ही कल्पना नवी नाही. हंगेरीतलं आर्किकॅड १९८०च्या दशकापासून आहे. रेव्हिट बनवणारी कंपनी १९९७ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती विकत घेतली. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी बिम बंधनकारक केलं.

बागेला बिम कशाला हवं?

हा प्रश्न आम्हालाही पडला होता. त्याचं उत्तर पोडियमवर मिळतं. शहरातल्या नव्या सोसायट्यांमध्ये बाग जमिनीवर कमी आणि पार्किंगच्या स्लॅबवर जास्त असते. तिथे माती म्हणजे वजन. ओली माती घनमीटरला साधारण १.८ टन भरते. ३ बाय ३ मीटरच्या कुंडात ६० सेंटिमीटर माती असेल तर वजन होतं सुमारे ९.७ टन. झुडपांऐवजी तामण लावायचं ठरलं आणि खोली १.२ मीटर केली, तर तेच वजन १९.४ टन होतं. म्हणजे एका कुंडामागे जवळजवळ १० टन वाढले, साधारण दहा छोट्या मोटारींचं वजन! आणि खाली लोकांच्या गाड्या उभ्या असतात.

टूडी ड्रॉईंगवर हा बदल म्हणजे फक्त झाडाचं नाव बदलणं. बिममध्ये मात्र मातीचं घनफळ मॉडेलमध्येच असतं, त्यामुळे वजनाचा तक्ता लगेच बदलतो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दिसतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: स्लॅब ते पेलेल की नाही, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. ते इंजिनिअरच ठरवतो. सॉफ्टवेअर फक्त आकडा लपू देत नाही.

दुसरा फायदा पाईपांचा. आमच्या पहिल्याच बिम प्रकल्पात सगळ्यांची मॉडेल्स एकत्र लावल्यावर दिसलं, की पावसाच्या पाण्याची पाईप तीन झाडांच्या कुंडांतून आरपार जातेय. स्क्रीनवर झाडं सरकवायला दहा मिनिटं लागली. साईटवर हे कळलं असतं तर बहुधा झाडंच रद्द झाली असती.

तिसरा फायदा जुन्या झाडांचा. महाराष्ट्रात १९७५ चा शहरी वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांपेक्षा जुन्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा आहे. रेव्हिटमध्ये 'फेज' नावाची सोय असते: आधीचं, काढायचं आणि नवं असे टप्पे. प्रत्येक जुन्या झाडाला ते लावलं की किती झाडं तोडली जाणार याचा आकडा थेट यादीत येतो. मग प्रवेशद्वार थोडं सरकवून एखादं वडाचं झाड वाचवता येईल का, यावर वेळेत बोलता येतं.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

- रेव्हिट: बरेच आर्किटेक्ट हेच वापरतात, म्हणून आम्ही हेच घेतलं. फक्त विंडोजवर चालतं. नव्या व्हर्जनमधली फाईल जुन्यात उघडत नाही, त्यामुळे सगळ्यांनी एकच व्हर्जन ठरवावं लागतं. जमिनीसाठी २०२४ व्हर्जनपासून 'टोपोसॉलिड' हे टूल आलं.
- व्हेक्टरवर्क्स लँडमार्क: खास लँडस्केपसाठी बनवलेलं. मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालतं.
- बोन्साय आणि फ्रीकॅड: दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. बोन्साय (आधीचं नाव ब्लेंडरबिम) ब्लेंडरमध्ये चालतं.

वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाण करायला आयएफसी हा खुला फॉरमॅट आहे. कुठल्याही फोनवर पीडीएफ उघडते, तसंच काहीसं. पण पाठवण्याआधी आपली आयएफसी फाईल दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडून झाडांची माहिती नीट गेली का, हे तपासाच.

बदल कसा करायचा?

१. एकच छोटा प्रकल्प निवडा. घाईचा नको. बाकी कामं जुन्या पद्धतीनेच चालू द्या.

२. आधी टेम्पलेट बनवा. शीटचा साचा, रेषांची जाडी, अक्षरांचा आकार. रेव्हिटचे तयार प्रिंट आपल्या ड्रॉईंगसारखे दिसत नाहीत, आणि ऑफिसातले सीनियर इथेच नाराज होतात.

३. झाडांची लायब्ररी करा. सगळी नर्सरी भरू नका. नेहमीच्या २५-३० जाती घ्या आणि प्रत्येकीला तेच रकाने द्या: मराठी नाव, शास्त्रीय नाव, उंची, घेर, मातीची खोली.

४. झाडं हलकी ठेवा. पानापानाचं थ्रीडी झाड घातलं की फाईल रांगायला लागते. साधा आकार पुरतो. सुंदर चित्र रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा.

५. छोटी रोपं एकेक लावू नका. क्षेत्र काढा आणि गुणा. ४० चौरस मीटरमध्ये दर मीटरला १६ रोपं, म्हणजे ६४०. हे गणित यादीतच बसवता येतं.

६. सर्व्हेचे कोऑर्डिनेट्स सांभाळा. पुण्याचा सर्व्हे यूटीएममध्ये असेल तर उत्तरेचा आकडा २० लाख मीटरच्या वर जातो. मॉडेल मूळबिंदूपासून इतकं लांब ठेवलं की रेव्हिट गोंधळतं. मॉडेल मूळबिंदूजवळ ठेवा आणि 'शेअर्ड कोऑर्डिनेट्स'ने खरी जागा जोडा.

७. फाईल कधी पाठवायची ते ठरवा. आयएसओ १९६५० या मानकात फाईलच्या चार अवस्था आहेत: काम चालू, इतरांसाठी खुली, अधिकृत आणि संग्रहात. चार फोल्डर केले तरी छोट्या ऑफिसचं भागतं.

अडचणी काय येतात?

पहिल्या प्रकल्पाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे गृहीत धरा आणि क्लायंटला तारीख देतानाच तो धरा. लायसन्सचे पैसे दरवर्षी जातात. लॅपटॉपला निदान १६ जीबी रॅम लागते. वळणदार पायवाटा आणि चढउतार रेव्हिटमध्ये अजूनही त्रास देतात. म्हणून पहिली कल्पना आम्ही आजही ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलनेच काढतो, आणि बाकाच्या जोडासारखी बारीक डिटेल्स टूडीतच ठेवतो.

पण आधी आमच्या ज्युनियरचे दोन-दोन दिवस ड्रॉईंगवरची झाडं मोजण्यात जायचे. आता तो वेळ नर्सरीत जाऊन रोपं बघण्यात जातो.

फोनवर काय करता येतं?

मॉडेल बनवायला कॉम्प्युटरच लागतो, पण बघायला फोन पुरतो. आर्किकॅडचं बिमएक्स आणि व्हेक्टरवर्क्सचं नोमॅड ही अ‍ॅप्स त्यासाठीच आहेत. साईटवर उभं राहून माळीकाकांना मॉडेल फिरवून दाखवलं की खड्डा कुठे घ्यायचा हे लगेच समजतं. आयफोन १२ प्रो आणि त्यानंतरच्या प्रो फोनमध्ये लायडार सेन्सर असतो. त्याने छोटं अंगण स्कॅन करता येतं, पण त्याला सर्व्हे समजू नका.

विद्यार्थ्यांनी सुरुवात कुठून करायची?

ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना एक वर्षाचं मोफत लायसन्स देतं आणि शिक्षण चालू असेपर्यंत त्याचं नूतनीकरण करता येतं. मात्र त्यावर पैशांचं काम करायचं नाही. सरावासाठी तुमच्या सोसायटीतली दहा झाडं निवडा. टेपने खोडाचा घेर मोजा, नावं शोधा, मॉडेलमध्ये टाका आणि यादी काढा. ही यादी बरोबर आली, की बिमचा अर्धा भाग तुम्हाला समजला.